वायरलेस रिसीव्हर: आधी जागा पारखा, भिंतीला भोक नंतर पाडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाथर्डी फाट्याच्या बाजूला दुमजली रो-हाऊस. घर बांधतानाच टाकलेला वायरचा अलार्म पॅनल जिन्याखाली आहे. पुढचं दार, मागचं दार आणि हॉलमधला मोशन सेन्सर त्यावर वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतात. वरच्या खोल्यांत आणि गच्चीवर वायर न्यायची तर प्लास्टर फोडावं लागलं असतं, म्हणून पॅनलला जोडायचा वायरलेस रिसीव्हर, काही सेन्सर आणि आईसाठी गळ्यात घालायचं इमर्जन्सी बटण घेतलं. वायरमनने रिसीव्हर पॅनलच्या पेटीला लागूनच बसवला. आता गच्चीच्या दाराचा सेन्सर कधी लागतो, कधी लागत नाही. वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर गेलं की वरच्या खोलीतले सेन्सरही दाद देत नाहीत, आणि अधूनमधून सकाळी कीपॅडवर ‘सेन्सर सापडत नाही’ असा संदेश दिसतो. घरात आई-वडील दोघंच असतात. रिसीव्हर बदलावा की सेन्सर, आणि हे काम स्वतः करता येईल का?

दोन्ही बदलू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं चुकलेल्या जागेची आहेत. नाशिकमध्ये अशा तक्रारींसाठी जातो तेव्हा बिघडलेला भाग क्वचितच सापडतो; बहुतेक वेळा सापडतो तो पॅनलशेजारी सोयीने ठोकलेला रिसीव्हर. वायरमनचा त्यात वाईट हेतू नसतो. पॅनलच्या तारा तिथे हाताशी असतात, वायर कमी लागते, काम पटकन उरकतं. पण वायरच्या सेन्सरला पॅनल घरात कुठे आहे याने काही फरक पडत नाही, आणि वायरलेसमध्ये रिसीव्हर कुठे आहे यावरच सगळं ठरतं.

जिन्याखालच्या कोपऱ्यात काय काय आहे ते बघा. पॅनलची पेटी पत्र्याची. तिच्याजवळ इन्व्हर्टर आणि त्याची मोठी बॅटरी. डोक्यावर जिन्याचा तिरका स्लॅब, त्यात सळई. बऱ्याच घरांत विजेचा डीबी, म्हणजे एमसीबीची पेटीही तिथेच असते. आणि सेन्सरची ताकद किती? ४जी मोबाइल गरज पडली की २०० मिलिवॉटपर्यंत जातो. दाराचा सेन्सर १० मिलिवॉटच्या आसपास, बहुतेकदा त्याहूनही कमी. त्याचा संदेश गच्चीवरून निघून स्लॅब ओलांडत पत्र्याच्या आडोशातल्या अँटेनापर्यंत येतो तेव्हा त्यात थोडाच जीव उरलेला असतो. वीज असताना तेवढ्यावर भागतं. वीज गेली की शेजारचा इन्व्हर्टर काम सुरू करतो, त्याच्या स्विचिंगचा रेडिओ-गोंगाट त्या कोपऱ्यात पसरतो, आणि त्यावर चालणारे एलईडी दिवे व चार्जर त्यात आपली भर घालतात. आरतीत कानाशी झांजा वाजत असताना वरच्या मजल्यावरून कुणी हळू आवाजात हाक मारावी, तशी त्या रिसीव्हरची अवस्था होते. हाक मारणाऱ्याचा घसाही ठीक आहे आणि ऐकणाऱ्याचे कानही ठीक आहेत.

आता थोडं लहरींबद्दल, कारण जागा कशी निवडायची हे त्यावरूनच कळतं. आपल्याकडे मिळणारे बरेच संच ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटीमीटर, म्हणजे पाव लांबी १७ सेंटीमीटरच्या जवळ. लहरीच्या मानाने बारीक घरं असलेली लोखंडी जाळी तिला बऱ्यापैकी अडवते. स्लॅबमधल्या सळईचे चौकोन साधारण वीतभराचे असतात, त्यामुळे प्रत्येक स्लॅब सिग्नल गाळून घेतो. पूर्ण थांबवत नाही, पण दोन स्लॅब ओलांडायचे असतील तर तो फरक फार मोठा ठरतो. विटांची साधी भिंत त्या मानाने सौम्य. खिडक्यांच्या ग्रिल, चॅनल गेट, स्टीलचं कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याने भरलेली टाकी ही घरातली नेहमीची आडकाठी.

म्हणून दुमजली घरात मी सगळ्यात आधी जिन्याचं लँडिंग बघतो. जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसतो. खालून वर आणि वरून खाली जायला लहरींना मोकळी वाट मिळते, आणि ती जागा बहुतेकदा घराच्या मध्याजवळच येते. तुमच्या रो-हाऊसमध्ये लँडिंगच्या भिंतीवर, पायाखालच्या फरशीपासून पुरुषभर उंचीवर, अँटेना उभी ठेवून रिसीव्हर बसवला तर गच्चीचं दार, वरच्या खोल्या आणि खालचा हॉल या तिघांनाही तो सारखा जवळ पडेल. फक्त ती भिंत आरसीसी कॉलमची नको आणि लँडिंगच्या खिडकीला लोखंडी ग्रिल असेल तर तिच्यापासून निदान हातभर लांब. इन्व्हर्टर, राउटर, टीव्ही आणि डीबी यांच्यापासून दोन-तीन मीटरचं अंतर ठेवा. लोक वाय-फाय राउटरला दोष देतात, पण तो २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेन्सरच्या लहरीपासून फार लांब बोलतो. त्रास बहुतेकदा त्याच्या स्वस्त ॲडॉप्टरचा असतो.

एवढं वाचून लगेच ड्रिल हातात घेऊ नका. माझ्या दृष्टीने या कामातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा भोक पाडण्याच्या आधीचा आहे. पुरेशी लांब चारपदरी वायर घ्या, ती जिन्यावरून तशीच मोकळी सोडा, रिसीव्हर मास्किंग टेपने भिंतीला चिकटवा आणि सगळे सेन्सर त्यांच्या कायमच्या जागी तात्पुरते लावून चाचणी घ्या. एखादाच सेन्सर कमी पडत असेल तर रिसीव्हर आधी पंधरा-वीस सेंटीमीटर बाजूला किंवा वर सरकवून बघा. घरात लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि काही ठिकाणी एकमेकींना मारतात. अशा मेलेल्या जागेतून बाहेर पडायला पाव लांबीएवढं सरकणंही पुरतं. ज्यांना हे माहीत नसतं ते इथे दुसरा रिसीव्हर किंवा रिपीटर (सेन्सरचा संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र) विकत घेऊन मोकळे होतात.

जोडणीचं काम तसं छोटं आहे. पॅनलचा मेन्स बंद करा, मग पॅनलमधल्या बॅटरीची एक पिन काढा. दोन्ही. फक्त मेन्स बंद करून तारा लावल्या तर बॅटरीचे १२ व्होल्ट तिथे असतातच, आणि एक तार चुकून दुसरीला लागली की डेटाची बाजू जळू शकते. कीपॅडला जाणाऱ्या चार तारांनाच रिसीव्हर समांतर जोडायचा असतो: १२ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाच्या दोन. बऱ्याच पॅनलवर त्या लाल, काळ्या, हिरव्या, पिवळ्या असतात. पण हिरवी आणि पिवळी कुठल्या खुणेला जाते हे तुमच्या पॅनलच्या माहितीपत्रकात बघूनच लावा, दुसऱ्या कंपनीच्या पॅनलवरून अंदाज नको. वायर शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्क्रूखाली दाबली की काही महिन्यांत सैल पडते किंवा तुटते, आणि मग येणारा-जाणारा दोष शोधण्यात जीव जातो. २५ मीटरपर्यंत नेहमीची बारीक अलार्म वायर चालते, रिसीव्हर फार थोडा करंट घेतो. ही वायर २३० व्होल्टच्या पाइपमधून मात्र नेऊ नका. वेगळी केसिंग-पट्टी मारा, दिसायला थोडी वाईट दिसली तरी चालेल. यात सुरक्षेचाही प्रश्न आहे आणि गोंगाटाचाही.

पॅनलचा १२ व्होल्टचा आउटपुट किती करंट देऊ शकतो ते पेटीच्या झाकणामागे लिहिलेलं असतं. कीपॅड, मोशन सेन्सर आणि नवा रिसीव्हर यांची बेरीज त्याच्या आत ठेवा. बॅटरीचा हिशोबही याच वेळी करा. ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि एकूण २५० मिलिअँपिअरचा भार असेल तर कागदावर २८ तास येतात. प्रत्यक्षात तीन-चार वर्षं झालेली बॅटरी त्याच्या अर्ध्यावरही धाप टाकते. जिन्याखाली हवा खेळत नसेल तर उन्हाळ्यात ती आणखी लवकर म्हातारी होते. मल्टिमीटर लावून बघा: चार्जिंग चालू असताना १३.५ ते १३.८ व्होल्टच्या दरम्यान दिसायला हवं.

रिसीव्हरच्या आत छोटे डीआयपी स्विच असतात, त्यांनी त्याचा पत्ता, म्हणजे पॅनल त्याला ज्या क्रमांकाने ओळखतो तो, ठरतो. दोन उपकरणांचा पत्ता एकच झाला तर दोन्ही वेडीवाकडी वागतात, म्हणून आधीच्या कीपॅडचा पत्ता बघून घ्या. स्विच बदलल्यावर वीज पूर्ण काढून पुन्हा द्या, नाहीतर अनेक रिसीव्हर जुनाच पत्ता धरून बसतात. सेन्सर पॅनलला शिकवताना, म्हणजे त्याची पॅनलशी ओळख करून देताना, शक्य असेल तिथे त्याच्यावर छापलेला अनुक्रमांक हाताने टाका. रो-हाऊसची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असते. ‘आपोआप शिका’ या मोडमध्ये नेमक्या त्याच क्षणी पलीकडच्या घरातला तशाच बनावटीचा सेन्सर बोलला तर तो तुमच्या यादीत येऊन बसतो.

इथे आई-वडिलांचा विचार करा. रात्रीसाठी ‘स्टे’ मोड असा बांधा की दारं-खिडक्या जाग्या राहतील आणि घरातले मोशन सेन्सर झोपतील. वडील रात्री पाणी प्यायला उठले आणि हूटर वाजला, असं दोनदा झालं की त्यानंतर यंत्रणा कायमची बंद राहते. कितीही चांगली बसवणी केली तरी वापरणाऱ्याला तिची भीती बसली की ती वाया गेली.

आता चाचणी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेक जण इथेच सगळ्यात कमी देतात. दुपारी वीज चालू, दारं सताड उघडी, माणूस सेन्सरपाशी उभा, कीपॅडवर ‘टिंग’ वाजलं की काम झालं असं समजतात. चोर काही त्या अवस्थेत येत नाही. घर सगळ्यात अडचणीच्या अवस्थेत आणा आणि मग बघा. संध्याकाळी सगळे दिवे, टीव्ही, मिक्सर चालू. सगळ्या खोल्यांची दारं बंद, ग्रिल ओढलेल्या, गाडी पोर्चमध्ये लावलेली, कारण पुढच्या गेटवर सेन्सर असेल तर गाडीचा पत्रा मध्ये येतो. मग मेन स्विच पाडून घर इन्व्हर्टरवर घ्या आणि प्रत्येक दार पुन्हा उघडा-मिटा. तुमच्या घरातला दोष याच चाचणीत पकडला गेला असता.

चांगल्या पॅनलमध्ये यासाठी एक खास मोड असतो. तो लावला की रिसीव्हर आपली संवेदनशीलता मुद्दाम कमी करतो. अशा अवस्थेत जो सेन्सर ऐकू येतो त्याच्याकडे राखीव जोर आहे. जो येत नाही तो आज चालला तरी पावसाळ्यात दगा देईल. काही पॅनल थेट सिग्नलचा आकडा दाखवतात. तो आकडा प्रत्येक सेन्सरसाठी वहीत लिहा, आणि त्याची एक प्रत पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढे दोन वर्षांनी तक्रार आली तर आधी किती होतं हे कळल्याशिवाय दोष सापडत नाही. पॅनलमध्ये यातलं काहीच नसेल तर सेन्सर त्याच्या जागेपेक्षा आणखी लांब, एक जादा भिंत ओलांडून न्या आणि तिथून लागतो का बघा. अँटेना कापून किंवा वाकवून प्रयोग करू नका.

‘सेन्सर सापडत नाही’ या संदेशाचा अर्थही समजून घ्या. चांगल्या बनावटीचे सेन्सर दार हललं नाही तरी ठरावीक वेळाने, बहुधा तासा-दीड तासाने, ‘मी आहे’ असा संदेश पाठवत राहतात. पॅनल साधारण १२ किंवा २४ तास वाट बघतो आणि तेवढ्या काळात एकही संदेश आला नाही तरच तक्रार करतो. म्हणजे बारा तासांत पाठवलेल्या आठ-दहा संदेशांपैकी एक पोचला तरी पॅनल गप्प बसतो. त्यामुळे कीपॅडवर काही दिसत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं मानू नका, आणि दिसलं तर तो दुवा जवळजवळ तुटलेला आहे असं धरून चाला. हे देखरेखीचं काम खरंच चालतं का ते बघायला एका सेन्सरची बॅटरी काढून ठेवा आणि ठरलेल्या मुदतीत पॅनल ओरडतो का याची वाट बघा. वेळ लागतो, पण ही चाचणी टाळू नका. तसंच रिसीव्हरचं झाकण उघडा, टॅम्परची, म्हणजे छेडछाडीची, सूचना यायला हवी. रिसीव्हरची डेटाची एक तार काढा, रिसीव्हरच गायब झाल्याचं पॅनलने लवकर सांगायला हवं. दोन दारं एकाच क्षणी उघडा, दोन्हींची नोंद झाली पाहिजे. सेन्सर एकच संदेश पुन्हापुन्हा पाठवतात ते दोन संदेशांची टक्कर झाली तरी एखादा पोचावा म्हणूनच.

आईच्या गळ्यातल्या बटणाची चाचणी तुम्ही स्वतः, नीट मन लावून घ्या. हॉलमध्ये उभं राहून दाबलं तर ते लागणारच. बाथरूमचं दार बंद करा, ओल्या फरशीवर खाली बसा, बटण अंगाखाली किंवा मुठीत धरा आणि मग दाबा. माणसाचं शरीर ४३३ मेगाहर्ट्झला बरंच शोषून घेतं आणि जमिनीलगत सिग्नल आणखी उतरतो. पण बटण लागायची वेळ येईल ती अशाच जागी. मोरीतून, गच्चीच्या टाकीमागून, मागच्या अंगणातल्या तुळशीपाशी, जिथे जिथे त्या जातात तिथून दाबून बघा. एका जागी जरी दाद मिळाली नाही तरी रिसीव्हर सरकवा. दाराचा सेन्सर एखाद्या वेळी चुकला तर दुसरा सेन्सर चोराला पकडतो. या बटणाला दुसरा कुणी पर्याय नसतो.

हूटरची चाचणी शेजाऱ्यांना सांगून आणि दिवसा घ्या. रात्री १० ते सकाळी ६ हा शांततेचा काळ आहे, चाचणीसाठी तो मोडू नये. हूटर चार-पाच मिनिटांत आपोआप थांबेल असं ठेवा. पॅनलमध्ये सिमकार्ड असेल तर त्याचं रिचार्ज कोण करतं हे घरात ठरवून टाका. संपलेल्या रिचार्जमुळे गप्प बसलेले पॅनल मी पुष्कळ पाहतो. आणि घरगुती पॅनल आपणहून पोलिसांना बोलावत नाही. तो तुम्हाला आणि यादीतल्या नातेवाइकांना फोन करतो, ११२ हा क्रमांक त्यांच्यापैकी कुणीतरी लावायचा असतो. म्हणून यादीत परगावच्या मुलाच्या आधी गल्लीतल्या एखाद्या विश्वासू शेजाऱ्याचा नंबर घाला.

गच्चीच्या दाराकडे येतो. आपल्याकडे ते बहुतेक लोखंडी असतं, अँगलच्या चौकटीवर पत्रा ठोकलेलं. सेन्सर थेट लोखंडावर चिकटवला की त्याच्या आतल्या छोट्या अँटेनाचा सूर बिघडतो, आणि चुंबकाची ओढही लोखंडात वाटली जाते. माहितीपत्रकात १५ मिलिमीटर अंतर चालतं म्हटलं असेल तर लोखंडावर निम्मं धरा. उपाय दोन. सेन्सर आणि लोखंड यांच्यात लाकडाचा किंवा प्लास्टिकचा बोटभर जाडीचा ठोकळा घाला. नाहीतर, आणि मला हाच जास्त पसंत आहे, सेन्सरचा ट्रान्समीटर दारापासून लांब, आतल्या विटांच्या भिंतीवर बसवा आणि दारावर लोखंडासाठी बनवलेला वजनदार मॅग्नेटिक स्विच लावून दोन तारांनी तो ट्रान्समीटरला जोडा. बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये बाहेरच्या स्विचसाठी दोन स्क्रू दिलेलेच असतात. जून-जुलैत वाऱ्याने गच्चीचं दार खडखडतं. कडी सैल असेल तर सेन्सरला ते उघडझाप वाटतं. आधी कडी घट्ट करून घ्या.

उभा सेन्सर लागत नसेल तर आडवा करून बघा. ग्रिलच्या सगळ्या पट्ट्या एकाच दिशेला असतील तर त्या दिशेची लहर अडते आणि तिच्याशी काटकोनातली बरीचशी निघून जाते. कधीकधी सेन्सर नव्वद अंशांत फिरवल्यानेच प्रश्न सुटतो, एक रुपयाही खर्च न होता.

संच कोणत्या जातीचा आहे तेही तपासा. स्वस्त संचांतले सेन्सर ईव्ही१५२७ सारख्या चिपवर चालतात. त्यांचा कोड २० बिटांचा, म्हणजे साधारण साडेदहा लाख पर्याय; ऐकायला पुष्कळ वाटतात, पण कोड कधीच बदलत नाही, त्यामुळे कुणी तो पकडून पुन्हा वाजवू शकतो. हे सेन्सर ‘मी आहे’ असंही सांगत नाहीत. बॅटरी संपली तर पॅनलला पत्ताच लागत नाही. काहींच्या रिसीव्हरमध्ये सुपर-रिजनरेटिव्ह नावाचं साधं सर्किट असतं, जे आजूबाजूचा गोंगाटही उचलतं आणि तापमानाबरोबर सरकतं. दुकानाच्या शटरला किंवा गोठ्याला तेवढं पुरेल. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांच्या घरात मी असा संच बसवत नाही. तुमचा पॅनल ‘सापडत नाही’ असं म्हणतो आहे, म्हणजे तुमच्या संचात देखरेख आहे; घेतलेली वस्तू बरी आहे.

परदेशातून मुलांनी आणलेल्या संचांबद्दलही सांगतो, कारण गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या घरांत ते वरचेवर दिसतात. बरेच अमेरिकी संच ३४५ किंवा ९१५ मेगाहर्ट्झवर असतात. आपल्याकडे अशा उपकरणांना विनापरवाना मोकळे असलेले पट्टे प्रामुख्याने ४३३ ते ४३४ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. शिवाय अमेरिकी संचांचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० वर जळतो. युरोपातले ८६८ च्या आसपासचे संच अगदी काठावर बसतात, आणि ८६९ मेगाहर्ट्झपासून वर मोबाइल टॉवरचं प्रसारण सुरू होतं. समोरच्या इमारतीवर टॉवर असेल तर रिसीव्हर त्या झोताने दबून जातो. अशा घरात टॉवरकडे पाठ असलेली आतली भिंत शोधावी लागते.

तुमचं रो-हाऊस या मानाने सोपं आहे. जुन्या नाशकातले वाडे वेगळे. दीड-दोन फूट जाडीच्या माती-विटांच्या आणि दगडी भिंती, पण मजल्यांत लाकूड, सळई नाही. तिथे आडवा सिग्नल मरतो आणि उभा छान जातो, म्हणून रिसीव्हर चौकाच्या बाजूला, माडीच्या उंचीवर ठेवतो. त्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि सिग्नल आणखी उतरतो. मार्च-एप्रिलमध्ये बसवलेल्या कामाची श्रावणात एकदा फेरतपासणी हवीच. दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यातल्या बंगल्यांत घर आणि औषधांची खोली यांच्यामध्ये द्राक्षाची बाग असते. अँगल, ताणलेल्या तारा आणि त्यावर ओला पाला. उघड्या मैदानातही अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौपटीने घटतो; बागेतून तर त्याहून फार वाईट. छाटणीनंतर चाललेला सेन्सर पाला भरल्यावर बंद पडतो, आणि मालक म्हणतो बॅटरी गेली. तिथे रिसीव्हर किंवा रिपीटर मांडवाच्या वर, खांबावर न्यायचा, नाहीतर सरळ वायर पुरायची. मळ्यात मी वायरच्या बाजूने असतो.

स्वतः करता येईल का? १२ व्होल्टच्या बाजूचं सगळं, हो. रिसीव्हर हलवणं, पत्ता लावणं, सेन्सर शिकवणं, चाचण्या, हे शांतपणे एका सुट्टीच्या दिवसात होतं. पॅनलच्या ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात लावू नका, त्यासाठी लायसन्स असलेला वायरमन बोलवा. पॅनल उघडण्याआधी इन्स्टॉलरचा कोड तुमच्याकडे आहे का ते बघा. तो बसवणाऱ्याकडेच राहिला असेल तर आधी मागून घ्या, कारण त्याशिवाय एकही सेन्सर जोडता येणार नाही. काम झाल्यावर तो कोड बदला, घराचा कोड घरच्यांकडेच असावा.

पुढे महिन्यातून एकदा, एखादा दिवस ठरवून, प्रत्येक दार उघडून कीपॅडवर नोंद येते का बघा आणि आईंना बटण दाबायला लावा. त्यांच्या हातून दाबलं जाणं महत्त्वाचं आहे, सवय राहते. सेन्सरच्या लिथियम बॅटऱ्या कमी झाल्याची सूचना आली की ती एकच न बदलता एकाच वेळी बसवलेल्या सगळ्या बदलून टाका. आणि २०२७ मध्ये सिंहस्थाच्या दिवसांत पाहुण्यांनी घर भरलं, कपाटं इकडची तिकडे झाली, लँडिंगवर गाद्या रचल्या, तर त्या रात्रीच एकदा चाचणी घ्या.

सध्या एवढंच करा: रिसीव्हर टेपने लँडिंगवर चिकटवा, गच्चीच्या सेन्सरखाली लाकडी ठोकळा घाला, आणि वीज चालू असताना एकदा व इन्व्हर्टरवर एकदा, असे प्रत्येक सेन्सरचे दोन-दोन आकडे लिहून पाठवा. गच्चीचा आकडा तरीही बाकीच्यांपेक्षा फारच खाली राहिला तर रिपीटर लागेल, आणि तो कुठे ठेवायचा हे मला त्या आकड्यांवरून सांगता येईल.